कचरा कोणाचा? बीडच्या कोयत्यापासून जालन्याच्या भट्टीपर्यंत

पीएच.डी.च्या पहिल्या आराखड्याला मी शीर्षक दिलं होतं, 'पोलाद उद्योगातील पुनर्वापर आणि कचरा-घट'. छान, गुळगुळीत शीर्षक. समितीसमोर बारा स्लाइड दाखवून झाल्यावर एका ज्येष्ठ सरांनी एकच प्रश्न विचारला, "कचरा म्हणजे कोणाचा कचरा?" मी स्लॅग, धूळ, मिल स्केल अशी यादी म्हणायला लागले. ते म्हणाले, "यादी नको. भट्टीत जे टाकता ते कोणाचा तरी कचराच असतो ना? मग भट्टीतून निघतो तोच कचरा आणि आत गेला तो कच्चा माल, हे ठरवलं कोणी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आराखडा परत आला, सहा महिने गेले. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या माणसाला इतिहास वाचायची सवय नसते; आपण थेट 'मटेरियल्स अँड मेथड्स'मध्ये उडी मारतो. त्या सहा महिन्यांत मी नाइलाजाने इतिहास वाचला, आणि माझा विषय त्यातूनच उभा राहिला. तुमच्यापैकी जे आता पेटची तयारी करताय किंवा विषय शोधताय, त्यांच्यासाठी तो प्रवास इथे लिहितेय. शेवटी त्या प्रश्नाचं काय झालं, तेही सांगते.

सुरुवात माझ्याच घरातून झाली. आमचं गाव गेवराई तालुक्यात. आई आणि दादा कितीतरी हंगाम कारखान्याला ऊस तोडायला गेले. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला माणूस म्हणून मोजत नाही, 'एक कोयता' म्हणून मोजतो. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. आमच्या घरात तो कोयता आजही दाराच्या मागे अडकवलेला आहे.

हंगामाच्या आधी गावाबाहेर घिसाड्यांची पालं पडायची, अजूनही कुठेकुठे पडतात. भाता, ऐरण, घण, सांडशी एवढा त्यांचा कारखाना. बाई घण मारते, माणूस सांडशीत लोखंड धरून फिरवतो. आराखडा परत आल्यावर मी गावी होते तेव्हा त्यांच्याकडे गेले. हातात घराच्या बांधकामातून उरलेला गजाचा तुकडा होता. म्हटलं, 'पुनर्वापर' म्हणतात तो डोळ्यांसमोर बघू. मामांनी तो तुकडा ऐरणीवर आपटला, आवाज ऐकला आणि बाजूला टाकला.

"ताई, हे मऊ हाय. ह्याला धार नाही टिकायची. ट्रकचा पाटा आणा."

पाटा म्हणजे कमानपाटा, ट्रकच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या असतात त्यातला एक. मराठवाड्यातले बहुतेक चांगले कोयते, कुऱ्हाडी, खुरपी याच पाट्यांपासून घडवलेली असतात. कमानपाट्याच्या पोलादात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, शिवाय सिलिकॉन, मँगेनीज किंवा क्रोमियम. गजात कार्बन ०.३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, बहुतेकदा त्याहून बराच कमी असतो. तापवून पाण्यात बुडवल्यावर पोलाद किती कडक होणार, ते मुख्यतः कार्बनवर ठरतं. मामांना कार्बन हा शब्द माहीत नव्हता, पण आवाजावरून आणि सहाणेवर उडणाऱ्या ठिणगीवरून ते लोखंडाची जात सांगत होते. ठिणगीची परीक्षा ही खरीखुरी परीक्षा आहे. जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात. धातुशास्त्राच्या प्रयोगशाळांतही ती शिकवली जाते.

त्या पालावर मला पहिली गोष्ट कळली. घिसाडी लोखंड वितळवत नाही, त्याचा आकार बदलतो. म्हणून ट्रकच्या पाट्यात जे काही मोलाचं होतं, कार्बन, सिलिकॉन, क्रोमियम, ते सगळं जसंच्या तसं कोयत्यात उतरतं. जालन्याची भट्टी तोच पाटा वितळवते, आणि मग तो पाटा राहत नाही.

आता मागे जाऊ. मराठवाड्यात लोखंड कुठून आलं?

आपण बसाल्टच्या पठारावर राहतो. या काळ्या दगडात लोहाची ऑक्साइडं साधारण दहा टक्क्यांच्या आसपास किंवा थोडी जास्तच असतात. काळ्या रंगामागे तेही एक कारण आहे. पण ते लोह सिलिकेटमध्ये इतकं गुंतलेलं असतं की त्यातून धातू काढणं परवडत नाही. महाराष्ट्रात लोहखनिज आहे ते गडचिरोली, चंद्रपूर, सिंधुदुर्गाकडे. बीडला, जालन्याला नाही. निजामाच्या राज्यात पोलादाची जगप्रसिद्ध जागा होती, आजच्या तेलंगणातलं कोनासमुद्रम. तिथलं मुशीतलं पोलाद इराणचे व्यापारी घेऊन जात. पण तेही इथून दूर. म्हणजे बालाघाटाच्या डोंगरात राहणाऱ्या लोहाराकडे लोखंड कायम बाहेरून आलं, आणि जे बाहेरून येतं ते माणूस टाकत नाही. मोडका फाळ खुरप्यात, खुरपं झिजलं की खिळ्यात.

याचा पुरावा भाषेत आहे. तांब्या-पितळेच्या दुकानात आपण 'मोड' देतो आणि नवं भांडं घेतो. सोनाराकडेही मोडच देतो. 'मोड' या शब्दात वस्तू मोडली आहे एवढंच आहे, ती निरुपयोगी झाली असं कुठेही नाही. 'भंगार' तसाच. या दोन्ही शब्दांना किंमत चिकटलेली आहे, दर आहे. 'कचरा' या शब्दाला दर नाही. माझ्या आराखड्यात मी हे सगळे शब्द एकाच इंग्रजी शब्दाखाली कोंबले होते, आणि सरांनी बोट ठेवलं होतं ते नेमकं तिथे.

कागदोपत्री पुरावा मात्र शोधायला गेलं की पंचाईत होते. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ साली आलं; त्यात लोहारासारखे बलुतेदार आहेत, गावोगाव फिरणारे फिरस्तेही आहेत. पण लोहाराने वर्षाला किती जुनं लोखंड फिरवलं, हे कोण मोजणार? बलुतं धान्यात मिळायचं, पावती नव्हती. घिसाडी तर आज शासनाच्या यादीत भटक्या जमातींत मोडतात. ज्यांना कायमचा पत्ता नाही त्यांच्या कामाची दप्तरात नोंद कशी राहणार? दप्तरात नोंद नाही याचा अर्थ काम झालं नाही असा घ्यायचा नसतो. आपल्याकडे विज्ञानशाखेत 'डेटा नाही' म्हणून पान उलटायची घाई असते. मी ती केली होती.

मोठा बदल दोन गोष्टींनी झाला, रूळ आणि ट्रक. १९०० च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड मीटरगेज सुरू झाली. जालना त्या मार्गावर आलं, बीड शहर आलं नाही. (बीडहून अहिल्यानगरला पहिली प्रवासी गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला. मधली सव्वाशे वर्षं आपण एसटीत होतो.) पुढे रस्ते झाले, ट्रक आले, आणि ट्रकबरोबर कमानपाटे आले. घिसाड्यांच्या हाती इतकं एकसारखं, इतकं चांगलं पोलाद याआधी कधी पडलं नसावं. म्हणजे आपण ज्याला 'पारंपरिक कोयता' म्हणतो, तो कच्च्या मालाच्या दृष्टीने मोटारयुगातला आहे.

जालन्याला पोलाद आलं ते आधी री-रोलिंगच्या रूपात. री-रोलिंग म्हणजे जुनी जाड पट्टी, कापलेला रूळ, जहाजाचा पत्रा असा माल लाल करून रोलांमधून काढायचा आणि सळई, पट्टी करायची. नीट बघा, इथेही वितळवणं नाही. मोठ्या प्रमाणावरची घिसाडीगिरीच ही. तेव्हा पोलादाच्या किमती आणि वाटप सरकारी नियंत्रणात होतं. नियंत्रण उठलं जानेवारी १९९२ मध्ये. त्याआधी, १९८० च्या दशकात, देशात इंडक्शन भट्टीत साधं पोलाद बनवायला सुरुवात झाली होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि ज्या गावाजवळ ना खनिज ना कोळसा, तिथे पोलाद बनवणं शक्य झालं. बियाण्यांसाठी नाव असलेलं जालना सळईसाठीही ओळखलं जाऊ लागलं. आज मराठवाड्यात घर बांधणारा माणूस बहुधा जालन्याचा गज वापरतो, आणि बीड, गेवराई, माजलगावच्या भंगारवाल्यांनी गोळा केलेलं लोखंड शहागडचा पूल ओलांडून तिकडेच जातं.

आता भट्टी समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

इंडक्शन भट्टी म्हणजे एक मोठी मूस. तिच्याभोवती तांब्याची पोकळ वेटोळी, त्यात आतून गार पाणी फिरतं आणि बाहेरून प्रत्यावर्ती वीजप्रवाह. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे आतल्या लोखंडातच भोवरे प्रवाह निर्माण होतात आणि लोखंड स्वतःच्या रोधाने तापून वितळतं. एक टन वितळवायला साधारण ५०० ते ६०० युनिट वीज लागते. कोळसा नाही, ज्वाला नाही. ऐकायला स्वच्छ वाटतं, आणि धुराच्या बाबतीत झोतभट्टीपेक्षा बरंच स्वच्छ आहेही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही भट्टी फक्त वितळवते, शुद्ध फारसं करत नाही. मुशीला आतून अस्तर असतं गारगोटीच्या भुकटीचं, म्हणजे सिलिकाचं, आणि सिलिका आम्लधर्मी असते. लोखंडातला फॉस्फरस काढायचा तर त्याचं ऑक्सिडीकरण करून त्याला चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थात बांधावं लागतं. चुना टाकला तर तो अस्तरच खाऊन टाकतो. म्हणून भंगारातून आलेला फॉस्फरस जवळजवळ तसाच सळईत जातो.

हे वाचलं तेव्हा मला वाटलं, ही आपल्या स्वस्त भट्ट्यांची अडचण. मग कळलं की पोलादाच्या इतिहासातली ही सर्वांत गाजलेली अडचण आहे.

१८५६ मध्ये हेन्री बेसेमरने इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या सभेत जाहीर केलं की वितळलेल्या बिडातून नुसती हवा फुंकून इंधनाशिवाय पोलाद करता येतं. कारखानदारांनी पैसे मोजून परवाने घेतले, आणि बहुतेकांचं पोलाद ठिसूळ निघालं. बेसेमरने प्रयोगासाठी नशिबाने ब्लेनाव्हनचं कमी फॉस्फरसचं बीड वापरलं होतं; बाकीच्यांच्या बिडात फॉस्फरस होता आणि भट्टीचं अस्तर होतं आम्लधर्मी. बेसेमरची पद्धत खोटी नव्हती. त्याचा नमुना मात्र सगळ्या बिडांचं प्रतिनिधित्व करत नव्हता. सॅम्पलिंगचं प्रकरण शिकताना हे उदाहरण कोणी दिलं असतं तर मी ते जन्मभर विसरले नसते.

ही गाठ सुटायला वीसेक वर्षं लागली, आणि ती सोडवली लंडनच्या पोलीस कोर्टातल्या एका कारकुनाने. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस दिवसा कोर्टात बसायचा, संध्याकाळी बर्कबेकला रसायनशास्त्राच्या वर्गाला जायचा. तिथल्या शिक्षकाने वर्गात म्हटलं होतं की फॉस्फरस काढून दाखवेल तो श्रीमंत होईल. चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट वेल्समध्ये ब्लेनाव्हनच्या लोखंड कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. प्रयोग तिथे झाले. उत्तर एका ओळीचं: अस्तर बदला. सिलिकाऐवजी डोलोमाइटचं अल्कधर्मी अस्तर घाला आणि भट्टीत चुना टाका. १८७८ मध्ये त्याने हे तज्ज्ञांच्या सभेत सांगितलं तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १८७९ मध्ये मिडल्सब्रोला मोठ्या भट्टीत ते सिद्ध झालं आणि युरोपातल्या फॉस्फरसवाल्या खनिजाची किंमत एकदम वाढली. थॉमस १८८५ मध्ये गेला, अवघ्या ३४ व्या वर्षी.

मला या गोष्टीत सर्वांत आवडतो तो शेवटचा भाग. पोलादातून निघून चुन्यात अडकलेला फॉस्फरस स्लॅगमध्ये जमा झाला. त्या स्लॅगची भुकटी करून शेतात टाकली तर पिकं जोमाने येतात, हे लक्षात आलं. 'थॉमस मील' नावाने ते खत युरोपभर विकलं गेलं. पोलादातलं विष शेतातलं अन्न झालं, फक्त अस्तर बदलल्यामुळे. त्याच भट्टीत आम्लधर्मी अस्तर ठेवलं असतं तर स्लॅग निरुपयोगी राहिली असती आणि पोलादही ठिसूळ. सरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे मिळालं. कुठली गोष्ट कचरा होणार, हे त्या गोष्टीइतकंच भट्टीच्या अस्तरावरही ठरतं.

आपल्याकडच्या भट्टीत मग करतात काय? मुख्यतः सौम्य करतात. एक साधा हिशेब करू. समजा ६ टन भंगारात फॉस्फरस ०.०८ टक्के आहे, म्हणजे ४.८ किलो. त्यात ०.०३ टक्के फॉस्फरसचा ४ टन स्वच्छ माल घातला, म्हणजे १.२ किलो. एकूण १० टनांत ६ किलो, ०.०६ टक्के. गजासाठीचं भारतीय मानक आयएस १७८६ एफई ५०० दर्जासाठी ०.०५५ टक्के मर्यादा घालतं. थोडक्यात नापास. निम्मं-निम्मं घेतलं तर ५.५ किलो, म्हणजे बरोबर काठावर. एफई ५००डी दर्जासाठी मर्यादा ०.०४० आहे, तिथे हे मिश्रण जवळपासही येत नाही. (वितळताना होणारी घट मी सोडून दिलीय. ती धरली तर आकडा वर जातो की खाली, हे स्वतः करून बघा.) ज्यांच्याकडे लॅडलमध्ये वेगळं शुद्धीकरण करायची सोय आहे त्यांचा मार्ग मोकळा होतो, पण त्याला भांडवल लागतं.

त्या 'डी'चा अर्थ डक्टाइल, म्हणजे तुटण्याआधी ताणला जाणारा. एफई ५०० ला तुटेपर्यंत किमान १२ टक्के लांबण्याची अट आहे, ५००डी ला १६ टक्के. कागदावर चार टक्क्यांचा फरक दिसतो. पण मराठवाड्यात हा आकडा वाचताना ३० सप्टेंबर १९९३ आठवते. किल्लारीच्या भूकंपात पडली ती जाड दगडमातीची घरं; त्यांत गज नव्हताच. त्यानंतर लोकांनी दगडमातीवरचा विश्वास काढून सिमेंट-सळईवर ठेवला. तो विश्वास आता या काही शतांश टक्क्यांवर उभा आहे. माझ्या विषयात खरं काय पणाला लागलंय हे मला कोणी विचारलं, तर मी हा परिच्छेद दाखवते.

फॉस्फरसला निदान वाट तरी आहे, तांब्याला तीही नाही. एलिंगहॅमची आकृती तुम्ही बी.एस्सी.ला घोकली असेल. त्यात तांब्याच्या ऑक्साइडची रेष लोहाच्या वर आहे, म्हणजे लोखंड जळून संपेल तरी तांबं जळणार नाही. भंगारात मोटारीचं वायंडिंग राहिलं की ते तांबं वितळून कायमचं लोखंडात बसतं. सळई तापवून लाटताना तेच तांबं पृष्ठभागाखाली जमतं आणि चिरा पडतात. प्रत्येक फेरीला थोडं तांबं वाढत जातं, कमी कधीच होत नाही. यावर आजही सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे भट्टीच्या आधी, भंगाराच्या ढिगाऱ्यावर बसून हाताने निवडणं. आणि ते काम करणाऱ्याला आपण कुशल कामगार म्हणत नाही.

निवडण्यावर जीवही अवलंबून असतो. बंद सिलिंडर, शॉकअॅब्सॉर्बर, ओलं भंगार वितळलेल्या लोखंडात पडलं तर आतली हवा किंवा पाणी क्षणात फुगून स्फोट होतो. आणि काही धोके दिसतही नाहीत. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत किरणोत्सारी कोबाल्ट-६० सापडलं; त्या बटणांचं पोलाद भारतातून गेलेलं होतं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० मुळे काही जण आजारी पडले, एकाचा मृत्यू झाला. तो स्रोत कुठून आला होता? दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने लिलावात काढलेल्या, वर्षानुवर्षं न वापरलेल्या यंत्रातून. माझ्यासारख्या रसायनवाल्यांनी हे दोनदा वाचावं. यंत्राबरोबर त्याची ओळख सांगणारी माणसं आणि कागद गेले नाहीत, नुसतं लोखंड गेलं.

याच्या उलट उदाहरण एकच आठवतं. आपली पहिली विमानवाहू युद्धनौका विक्रांत २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तोडली गेली. तिचं थोडं पोलाद बजाजने घेतलं आणि २०१६ मध्ये त्यापासूनच्या टाकीची मोटरसायकल काढली. एरवी भंगारातून आल्याचं उत्पादक लपवतात; इथे जाहिरातच तिची होती.

भट्टीतून बाहेर पडणाऱ्या गोष्टींचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर स्वतंत्रपणे लिहायचंय. स्लॅग फोडून, चुंबक फिरवून त्यातले लोखंडाचे थेंब परत घेतात. उरलेली भरावात जाते. झोतभट्टीच्या स्लॅगसारखी ती सिमेंटला थेट चालत नाही, कारण तिच्यात चुना कमी आणि सिलिका जास्त. धूळ पिशव्यांच्या गाळणीत अडवतात, निदान अडवायला हवी. मिल स्केल म्हणजे तापलेल्या सळईवरून रोलमध्ये निघणारे काळे पापुद्रे. मामांच्या ऐरणीखालीही तेच पडलेले होते. त्यातल्या मॅग्नेटाइटमध्ये वजनाने ७२ टक्के लोह असतं. एवढं लोह असलेल्या वस्तूला कचरा म्हणायचं, तर कित्येक खाणी बंद कराव्या लागतील! आयुर्वेदात तर लोखंडाच्या कीटाला, लोहकिट्टाला, 'मंडूर' म्हणतात आणि रसशास्त्राच्या ग्रंथांत शंभर वर्षं जुनं मंडूर उत्तम मानलंय. औषध म्हणून त्यावर मला मत नाही, पण स्लॅगलाही वयानुसार प्रत देणारी एक परंपरा आपल्याकडे होती, हे नोंदवण्यासारखं आहे.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये पोलाद भंगाराच्या पुनर्वापराचं धोरण आणलं. त्यात म्हटलंय की एक टन भंगार वापरलं तर १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. पाणी ४० टक्के आणि हरितगृह वायू ५८ टक्के कमी. हे आकडे मी माझ्या प्रस्तावनेत आनंदाने वापरते. पण या हिशेबात एक टन भंगार म्हणजे एक टन भंगार. कमानपाटा असो, जुना पत्रा असो, वजन तेवढंच. कमानपाट्यात घातलेलं क्रोमियम गजात मिसळून गेलं, तर टन वाचला पण क्रोमियम गेलं. ते नुकसान कोणत्याच रकान्यात येत नाही.

मामांनी माझ्यासमोर पाट्याचा कोयता केला. लाल पातं त्यांनी पूर्ण बुडवलं नाही, नुसती धारेची कड पाण्याला लावली आणि वर काढली. मागच्या जाड भागातली धग हळूहळू धारेकडे सरकली, रंग बदलत गेला. ठरावीक रंग आल्यावर पुन्हा पाणी. आधी कडक केलं, मग आतल्याच उष्णतेने थोडं नरम केलं. टीएमटी गज बनतो तो असाच. रोलमधून लाल गज निघतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यात त्याची फक्त साल कडक होते आणि गाभ्यातली धग बाहेर येऊन त्या सालीला नरम करते. ही पद्धत १९७० च्या दशकात बेल्जियममध्ये विकसित झाली. मामांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मग त्यास्नी पाणी द्यायचं कळतंय की." कौतुक होतं की टोमणा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

नवा आराखडा मंजूर झाला. शीर्षक आता तेवढं गुळगुळीत नाही. भंगाराचे वेगवेगळे ढीग वितळवण्याआधी तपासायचे, मग त्यातून निघालेली सळई आणि स्लॅग तपासायची, आणि मधे काय हरवलं ते मोजायचं, एवढंच काम आहे. तांबं, क्रोमियम, फॉस्फरस, तीनच मूलद्रव्यं. त्याच सरांनी या वेळी विचारलं, "ढीग निवडणार कोण?" मी म्हटलं, आधी हाताने आणि ठिणगीने निवडायचे, मग यंत्राने पडताळायचे, आणि दोन्हींत किती जुळतं तेही लिहायचं. त्यांनी सही केली.

पहिल्या फेरीचे नमुने गेल्या महिन्यात आणले. एका ढिगात सात कमानपाटे होते. तपासणीपुरता तुकडा कापून सातही पाटे मी परत द्यायला हवे होते. सहा दिले. सातव्याचे पैसे मोजले, कारण दाराच्या मागचा कोयता आता फारच झिजलाय आणि आई अजून त्यानेच कडबा तोडते.